फिरकीचा तांब्या

पाण्यासाठी भांडणारी माणसं या शहराने पुष्कळ पाहिली, पण पाण्यासाठी प्राण अर्पण करणारा महापुरुष एकच झाला, आणि तो म्हणजे तू.

घाबरू नकोस भास्कर, वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत नगरसेवकांनी ते म्हटलं. तू कोण हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं. येताना गाडीत कुणीतरी सांगितलं असावं, की मास्तर पाण्याचं काहीतरी करत असत. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. पाण्याचं काहीतरी म्हणजे मोर्चाच असणार, आणि मोर्चातला माणूस मेला म्हणजे प्राण अर्पण करूनच मेला असणार, असा त्यांनी हिशेब केला. शोकसभेत चुकून खरं बोललेला हा मी पाहिलेला पहिला पुढारी. ते किती खरं आहे हे त्या सभेत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी तिसऱ्या रांगेत तोंड मिटून बसलो होतो. तू तसं बजावून गेला होतास.

सभा तुझ्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली. तू मेच्या सुट्टीत गेलास, त्यामुळे शाळेला तुझ्यासाठी सुट्टी द्यावी लागली नाही. तुझ्या विद्यार्थ्यांना खरं दुःख झालं असेल तर ते याचं. तुझा स्वतंत्र फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून शिक्षकांच्या ग्रूप फोटोतून तुला कापून मोठा केला होता. डाव्या बाजूला ड्रॉइंगच्या मास्तरांचा अर्धा कान राहिला होता. हार त्यालाही मिळाला. दोन मिनिटं स्तब्धता पाळली, ती अध्यक्षांनी घड्याळात न बघता संपवली. आणि मग, भास्कर, शिपाई एका ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन रांगारांगांतून फिरला. पाणी कुठलं, कुणी भरलं, कधी भरलं, हे एकानेही विचारलं नाही. सगळे प्यायले. तुझ्या आयुष्यभराच्या कामाचा आढावा त्या ट्रेने जितका थोडक्यात घेतला, तितका एकाही वक्त्याने घेतला नाही.

मला तेव्हा तुझा तांब्या आठवला. पितळेचा, फिरकीच्या झाकणाचा, वर कडी असलेला. लोकांकडे प्रवासापुरता असतो, तुझ्याकडे जन्मभर होता. तुझ्या आधीचा तुझा भाऊ पटकीने गेला, तेव्हापासून तुझ्या आईने घरात न उकळलेला थेंब येऊ दिला नाही. शाळेत आपण एका बाकावर बसायचो. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे नळाला तोंड लावायचो आणि तू बाकावर बसून झाकणातून राजासारखा पाणी प्यायचास. मला एकदा दिलंस. मी म्हटलं, याला भांड्याची चव येतेय. तू म्हणालास, "चव येते ती जंतू मेल्याची." आपण दहा वर्षांचे होतो. त्या वयात असं बोलणाऱ्या मुलाला मित्र मिळत नाहीत. तुला एकच मिळाला.

लग्नातही तो तांब्या तू बोहल्याजवळ ठेवला होतास. भटजींना वाटलं, वरपक्षाने काशीहून गंगाजल आणलंय. त्यांनी फिरकी उघडली आणि मंत्र म्हणत सगळं पाणी तुम्हा दोघांवर आणि पहिल्या दोन रांगांवर शिंपडून टाकलं. कार्य आटोपेपर्यंत तू तहानलेला होतास, कारण मांडवातलं पाणी तू पिणार नव्हतास. सुमनवहिनी पुढे मला म्हणाल्या होत्या, "यांचा चेहरा बघून मला वाटलं, मुलगी पसंत नाही." माढ्याकडे मित्राच्या शेतात हुरड्याला गेलो, तेव्हा सगळे विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायले आणि तू बांधावर तांब्या कवटाळून बसलास. मित्राची आई म्हणाली, "लई सोवळ्याचं दिसतंय पावणं." आम्ही हसलो. तूही हसलास. त्या वाक्यात काय होतं हे आपल्यापैकी कुणालाच तेव्हा कळलं नाही.

कारण सोवळ्याशी तुझा संबंध संपून जमाना झाला होता. कॉलेजात असताना तू जानवं काढून सिद्धेश्वर तळ्यात टाकलंस आणि घरी जाऊन वडिलांना तसं सांगितलंस. न सांगता भागलं असतं, शर्टाच्या आत कोण बघतो. पण केलेली गोष्ट जाहीर केल्याशिवाय तुला ती केल्यासारखी वाटत नसे. हा तुझा दोष मी तुला कैक वेळा सांगितला. तू त्याला तत्त्व म्हणायचास.

एक गोष्ट आधी मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा होतो. मला टायफॉइड झाला तेव्हा तू रोज शाळेआधी सायकलवरून तो तांब्या भरून आणायचास. माझ्या उशाशी ठेवायचास, कालचं उरलेलं मोरीत ओतायचास आणि मला किती प्यायलो ते विचारून रागवायचास. मी तेव्हा तुझे आभार मानले नाहीत. म्हटलं होतं, "औषधापेक्षा तुझा जाच मोठा आहे." ते आभारच होते. तुला कळले असतील असं धरून चालतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर पेपरात बातमी आली, की देशात ठिकठिकाणी काविळीच्या साथी वाढताहेत. धोका कुणाला, तर लहान मुलांना, दाटीवाटीच्या वस्त्यांना, उघड्यावरचं खाणाऱ्या-पिणाऱ्यांना. तू ती बातमी कापून वाचनालयात माझ्या टेबलावर आणून ठेवलीस. मी ग्रंथपाल; वाचनालयाचा पेपर कापणं हा तिथे गुन्हा आहे, हे तुला माहीत होतं. मी म्हटलं, "यात तू कुठेच बसत नाहीस. लहान नाहीस, दाटीत राहत नाहीस, आणि उघड्यावर तर तू श्वाससुद्धा घेत नाहीस."

"म्हणूनच तर मला बोलायला हवं," तू म्हणालास. "ज्यांना होणार त्यांना सांगायला वेळ नाही."

मग तू पूर्व भागात जायला लागलास. विणकरांच्या त्या गल्ल्यांत घरोघर खटखटणारे माग, दारादारांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, आणि दुष्काळामुळे एका टँकरवर लटकलेली सबंध गल्ली. टँकरचं पाणी त्या विडीवाल्यांपैकीच एका नरसम्माच्या अंगणातल्या हौदात पडायचं, कारण गल्लीत मोठा हौद तोच. शेजारून गटार वाहायचं. पोरं तिथेच बसायची, तिथेच हात धुवायची, धुवायची असली तर. पाच-सहा पोरं त्या महिन्यात पिवळी झाली. त्यांच्या आयांनी काविळीच्या माळा आणून त्यांच्या डोक्यावर ठेवल्या. वाळेल तशी ती माळ सैल होते, कपाळावरून गळ्यात आणि गळ्यातून पोटावर उतरते, आणि ती उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. पोरं पंधरा दिवस निपचित पडली आणि पुन्हा गटारापाशी खेळायला गेली. माळेची कीर्ती वाढली.

तू तिथे तक्ता टांगून व्याख्यानं द्यायचास. मी एकदा सोबत आलो आणि परतताना तुला म्हटलं, "तू पाऊण तास बोललास. तेवढ्यात हंडाभर पाणी उकळून निवलं असतं." तुला ते लागलं. पण खरं लागलं ते नरसम्माचं. ती विडीला दोरा गुंडाळत शांतपणे म्हणाली होती, "सारू, रॉकेल भाताला पुरंना. पाणी कशावर उकळू? तुमच्या बोलण्यावर?" बाया हसल्या. तूही हसलास आणि पुढच्या खेपेला रॉकेलची अर्धी बाटली घरून घेऊन गेलास. नरसम्माने ती घेतली आणि भात शिजवला.

आता त्या संध्याकाळबद्दल. आपला वाद तिथेच अर्धवट राहिला आहे.

चैत्रातली उकाड्याची संध्याकाळ होती. नरसम्माच्या अंगणात चाळीसेक माणसं. तू तक्त्यावरची ती ओळ छडीने दाखवत होतास: एक घोटही पुरेसा आहे. बोलून घसा कोरडा पडला, तशी तू तांब्याची फिरकी उघडलीस आणि झाकणात पाणी ओतून प्यायलास. समोर नरसम्मा बसली होती. साठीची बाई, केसांना चपचपीत तेल, मराठीला तेलुगूचा हेल. ती म्हणाली:

"सारू, एक विचारू का? राग न्हाई ना?"

"विचारा की."

"इतक्या वेळा आलात. माझ्या अंगणात बसता. माझ्या घरचं पाणी एकदा न्हाई घेतलं तुमी. आपला तांब्या घेऊन येता. मग आमी पाणी कसं प्यायाचं, हे तुमी कशाला शिकवता?"

सगळं अंगण हसलं. तुला काय म्हणताहेत हे क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि तुझा चेहरा पडला. तू घाईघाईने समजावायला लागलास, की हे जातीचं नाही, जंतूंचं आहे.

"जंतू म्हंजे?"

"डोळ्यांना दिसत नाहीत. हातातून, पाण्यातून पोटात जातात."

"आमच्या हातातून?"

"कुणाच्याही हातातून."

"पर तुमी आमच्याच हातचं घेत न्हाई की," नरसम्मा म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, हे फार वाईट होतं. "आमची आजी सांगायची, मोठ्या घरचे लोक लांबून बोलायचे, पाणी घ्यायचे न्हाईत, इटाळ म्हणायचे. तो बी दिसायचा न्हाई. तुमी त्याला जंतू म्हणता. मोठं शिक्षण हाय तुमचं."

यावर उत्तर होतं. शांतपणे, चार दिवस घेऊन, सुमनवहिनींच्या हातचं पाणीसुद्धा तू उकळल्याशिवाय घेत नाहीस हे सांगून, देता आलं असतं. पण समोर चाळीस माणसं होती आणि तुला उत्तर तेव्हाच हवं होतं. तू तांब्या बाजूला ठेवलास आणि म्हणालास, "आणा एक पेला."

मी तुझ्या मागेच उभा होतो. मी म्हटलं, "भास्कर, नको."

"गप रे."

नरसम्माने हौदात पेला बुडवून दिला. तू तो सबंध प्यायलास. टाळ्या पडल्या. बायांनी सुपं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. आणि तू, पन्नाशीचा शास्त्र-शिक्षक, पेला पुढे करून म्हणालास, "अजून एक."

दुसरा प्यायल्यावर धोतराच्या सोग्याने तोंड पुसलंस, छडी उचललीस आणि पाणी उकळून पिण्याचं महत्त्व जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू केलंस.

परत येताना आपण सायकली हातात धरून चालत होतो. मी म्हटलं, "पहिला पेला तिच्यासाठी प्यायलास, हे मान्य. दुसरा टाळ्यांसाठी."

"तुला माणसं कळत नाहीत. तुला पुस्तकं कळतात."

"तुझ्याच तक्त्यावर लिहिलंय, एक घोटही पुरेसा आहे."

"एका पेल्याने काय होतंय?" तू म्हणालास. मग आपण काय बोललो ते तुझं तुलाच ऐकू आलं आणि तू मोठ्याने हसलास. "दोन पेल्यांनी," मी म्हटलं. तू आणखी हसलास. इतका मोकळा मी तुला त्याआधी बघितला नव्हता. पाण्याला भांड्याची चव येत नव्हती, असंही तू म्हणालास.

आणि या बहाद्दुरीचा परिणाम काय झाला, हे तू असताना तुला सांगवलं नाही. आता ऐक. गल्लीत जी दोन-तीन घरं तुझं ऐकून पाणी उकळायला लागली होती, त्यांनी ते बंद केलं. पाण्याची परीक्षा झाली होती. साक्षात सारू ते पाणी प्यायले, एक सोडून दोन पेले, आणि आठवडा गेला, दुसरा गेला, सारू ठणठणीत. इतक्या व्याख्यानांनी जे कमावलं होतं, ते तू दोन पेल्यांत धुऊन टाकलंस. तुझ्या तक्त्यापेक्षा तुझी तब्येत जास्त पटण्यासारखी होती.

महिना भरता भरता तुला ताप आला. मग जेवण नकोसं झालं, मग डोळे पिवळे. पहिले काही दिवस तू रुबाबात आजारी होतास. वहिनींना लघवीचा रंग विद्यार्थ्याला सांगावा तसा वर्णन करून सांगायचास. लष्कर भागातले डॉक्टर काझी येत होते. त्यांना तू पेल्यांचं सांगितलंस, वहिनींना नाही. काझींनी आधी धीर दिला आणि मग हळूहळू द्यायचा थांबवला. तुझं यकृत हात टेकत होतं.

मी त्यांना बाहेर गाठलं आणि विचारलं, "त्या गल्लीतली शेंबडी पोरं पंधरा दिवसांत बरी होऊन हिंडतात. नरसम्मा रोज तेच पाणी पिते. यालाच असं का?"

काझी बॅग बंद करत म्हणाले, "होते कुणाला आणि मारते कुणाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाईसाब. या काविळीचं असं आहे, की ती लहानपणी येऊन गेली तर बहुतेक वेळा साध्या तापासारखी येते आणि पुन्हा सहसा होत नाही. त्या वस्तीत ती सगळ्यांना लहानपणीच होऊन गेलेली असणार. मास्तरांना कधी झालीच नाही. त्यांच्या अम्मीने होऊ दिली नाही. आणि पन्नाशीत पहिल्यांदा आली, की ती कधी कधी अशी येते."

"म्हणजे लहानपणी एकदा गटाराचं पाणी प्यायला असता तर वाचला असता?"

"यातून कदाचित," काझी म्हणाले. "पण मग पटकीत गेला असता. त्या गल्लीत मोठे झालेले तुम्हाला दिसतात. मोठे न झालेले दिसत नाहीत."

मी हे तुला सांगितलं नाही. तुझ्या आईने जन्मभर चुलीपुढे बसून तुला ज्या एका गोष्टीपासून वाचवलं, ती गोष्ट तुझ्यासाठी नेमकी ताजी ठेवली गेली होती, हे आजारी माणसाला सांगण्यासारखं नसतं. तू पुढे फार टिकला असतास तर सांगितलं असतं. आपण त्यावर वर्षभर भांडलो असतो.

शेवटच्या दिवसांत तुझी शुद्ध येत-जात होती. वहिनींच्या भावाने काविळीची माळ आणली. शुद्धीत असताना तू ती भिरकावलीस. शुद्ध गेल्यावर त्यांनी ती घातली. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, मी नको म्हणेन म्हणून. मी नको म्हटलं नाही. माळ छातीपर्यंत उतरली. नियमाप्रमाणे तू बरा व्हायला हवा होतास.

त्याआधी एका दुपारी तू नीट शुद्धीवर आलास. वहिनी पाणी आणायला आत गेल्या होत्या. पडल्या पडल्या तू आत ओरडून विचारलंस, "उकळी आल्यावर ठेवलं होतंस ना थोडा वेळ?" मग माझं मनगट धरून हळू म्हणालास, "पूर्व भागात सांगू नकोस."

"काय?"

"मी कशाने आजारी पडलो ते. नरसम्माला तर नाहीच. आयुष्यात एकदा कुणी तिच्या हातचं पाणी घेतलं, आणि ते असं निघालं. ती मनाला लावून घेईल."

"अरे, पण ते पाणी अजून सगळे पिताहेत. तुझ्यामुळे पिताहेत."

"तू काहीतरी दुसरं सांग. तुला येतं तसलं."

"तू पाण्यासाठी घसा फोडलास आणि आता मला पाण्याबद्दलच गप्प बसायला सांगतोस?"

तू डोळे मिटलेस. "दुसरा पेला," तू म्हणालास, "तिला पेला परत घेववत नव्हता म्हणून मागितला. तिचे हात थरथरत होते. तू मागे होतास. तुला दिसलं नाही."

हे खरं असेल. तू ते वाद जिंकायला रचलंही असशील, तुझी ती सवय होती. मी काहीतरी उलट बोलणार होतो, तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आल्या, आणि पुढे तुझी तशी शुद्ध आली नाही. वाद तिथे थांबला आहे. माझी पाळी होती.

शोकसभेपर्यंत मी तुझा शब्द पाळला. नंतर मोडला. त्याबद्दल मी माफी मागत नाही. गल्लीत आणखी दोन पोरं पिवळी झाल्याचं कळलं आणि मी नरसम्माकडे गेलो. ती दारात विड्या वळत होती. मला बघून म्हणाली, "या पुस्तकवाले. सारूंना दृष्ट लागली हो कुणाची तरी. इतकी काळजी घ्यायचे. उकळून उकळून पाण्यातला जीव काढायचे, म्हणून अंगात ताकद राह्यली न्हाई."

तुझ्या मरणातून गल्लीने काढलेला निष्कर्ष हा होता. काझींच्या म्हणण्याच्या तो फारच जवळ होता. मग मी सांगितलं. हौद, गटार, दोन पेले, महिना, कावीळ. सरळ सांगितलं.

ती विडी वळायची थांबली नाही. म्हणाली, "महिन्यानं झालं ना? महिन्यात मानूस किती घरी पाणी पितो."

"तो पीत नव्हता."

"शाळेत?"

"तांब्या."

"लग्नाकार्यात?"

"तांब्याच. जन्मभर. बाहेरचं पाणी तो एकदाच प्यायला. तुमच्याकडे."

आता तिचे हात थांबले. मला वाटलं, लागलं. मी शरमलो आणि मला थोडं बरंही वाटलं, कारण आता तरी हौदाचं काही होईल. तिने पदर डोळ्यांना लावला.

"जन्मात एकदाच?" ती म्हणाली. "न्हाई म्हंजे, कुणाकडंच न्हाई? पावण्यांकडं बी न्हाई?"

"कुणाकडेच नाही."

"निस्तं माझ्याच हातचं," नरसम्मा म्हणाली, आणि रडायला लागली. भास्कर, त्या रडण्यात अपराध शोधायचा मी प्रयत्न केला. होताही थोडा. पण ती रडत होती ते एखाद्या बाईच्या घरी देव येऊन जेवून गेल्यावर तिने रडावं तसं. हौदाचं मी पुन्हा काढलं, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि थंडपणे म्हणाली, "पुस्तकवाले, तुमी बी कधी माझ्याकडं पाणी घेतलं न्हाई."

दोन दिवसांत ते सगळ्या पूर्व भागाला कळलं. काविळीचा भाग वाटेत गळून गेला. उरलं ते एवढं, की भास्कर सारूंनी उभ्या जन्मात एकाच घरचं पाणी घेतलं, आणि ते नरसम्माचं. मी सांगितलेलं खरं इतक्या लवकर इतकं सुंदर झालं, की त्याला हात लावायची सोय राहिली नाही. ते नगरसेवकांच्या कानावर गेलं. त्यांना एक स्मारक हवंच होतं, कारण शोकसभेत त्यांनी ते जाहीर करून टाकलं होतं. ठरलं: गल्लीच्या तोंडाशी तुझ्या नावाची पाणपोई. पाणी अर्थात त्याच हौदाचं. दुसरं पाणी घातलं तर तुझा अपमान झाला असता.

मी नगरसेवकांना जाऊन भेटलो. काझींचं नाव सांगून म्हटलं, निदान हौद साफ करा, गटार वळवा, पाण्यात औषध टाका. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तुमच्या भावना समजतात. पण त्यांची आठवण जशीच्या तशी जपली पाहिजे."

परवा उद्घाटन झालं. पत्र्याचा मांडव, लाल फडकी गुंडाळलेले दोन रांजण, आणि रांजणाला साखळीने बांधलेला एक पेला. फलकावर तुझं नाव, आणि खाली बारीक अक्षरात तुझं व्याख्यानातलं वाक्य, पाणी हेच जीवन. उकळण्याचा भाग जागेअभावी गाळला असावा. तुझा तांब्या मांडवात ठेवायला मागितला होता. वहिनींनी तो आधीच माझ्याकडे देऊन टाकला होता. फिरकी झिजली आहे, थोडा गळतो. मी त्यात उकळलेलं पाणी भरून वाचनालयात नेतो, आणि हो, चव येते.

पहिला पेला कुणी प्यायचा, यावर नगरसेवकांनी घसा खाकरला होता. पण नरसम्माने तो रांजणात बुडवला आणि साखळी पुरेल तितकी पुढे येऊन माझ्यासमोर धरला. "सारूंचे दोस्त," ती म्हणाली. "पहिला मान यांचा." सगळी गल्ली बघत होती. तिच्या डोळ्यांत मात्र दुसरंच होतं. मी सांगितलेलं तिला लक्षात होतं, आणि ती बघत होती की तू जे केलंस ते मी करतो का. तिचे हात थरथरत होते, भास्कर. तेवढं तुझं खरं होतं.

मी जंतू म्हणू शकत नव्हतो. तो शब्द तू तिथे वापरून संपवला होतास. मग तू म्हणाला होतास तसं दुसरं काहीतरी सांगितलं. ज्याचा एका देवावर विश्वास नाही, असा मी हात जोडून म्हणालो, "अव्वा, आज माझा निर्जळी उपास आहे."

तिचा चेहरा उजळला. तिने पेला कपाळाला लावून मागे घेतला, आणि दोन-चार बायांनी माझ्याकडे आदराने बघितलं. इतकं सोपं होतं ते. तुला कधी सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी तू ते केलं नसतंस.

पेला मग नगरसेवकांकडे गेला. ते फोटोसाठी थांबले आणि प्यायले. फोटो हलला, असं फोटोग्राफर म्हणाला, म्हणून त्यांनी आणखी एक पेला घेतला. ते चांगल्या घरचे आहेत. त्यांच्याकडे पाणी गाळून आणि उकळून पितात, असं त्यांनी भाषणात सांगितलं. महिना व्हायचा आहे अजून.